भरतीची रेघ आणि सड्याची वाट

मागच्या अंकात ‘निसर्ग’ वादळाच्या आठवणी लिहिताना मी शेवटी एक वाक्य टाकलं होतं: वादळाची तयारी म्हणजे त्सुनामीची तयारी नव्हे. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं. पत्रं बहुतेक रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी तीस वर्षं कोकणातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. २००४ च्या त्सुनामीनंतर, जानेवारी २००५ मध्ये, मदतपथकाबरोबर तीन आठवडे तमिळनाडूतल्या नागपट्टिनमला होते. तिथून परत आल्यापासून मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या वाड्यांतून वाटा मोजत फिरते.

ताई, त्सुनामी ही पूर्व किनाऱ्याची गोष्ट. २००४ ला आपल्याकडे काहीच झालं नाही. मग लोकांना उगाच का घाबरवायचं? (हर्णे)

घाबरवायचं मुळीच नाही. पण ‘पूर्वेची गोष्ट’ हे मनातून काढून टाका. २६ डिसेंबर २००४ ची लाट सुमात्राजवळून निघाली आणि मध्ये अख्खा भारत आडवा होता, म्हणून कोकण सुटलं. तीच लाट श्रीलंकेला आणि कन्याकुमारीला वळसा घालून केरळात शिरली. कोल्लम जिल्ह्यातलं आलप्पाड हे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजणाचं पाणी असलेलं अरुंद पट्टीवरचं गाव. तिथे शंभराहून जास्त माणसं गेली. आलप्पाडचं तोंडही आपल्यासारखंच पश्चिमेला आहे.

आपला खरा धोका वायव्येकडे आहे. पाकिस्तान आणि इराणच्या मकरान किनाऱ्यासमोर अरबी समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमारा या बंदरांची दैना झाली, कच्छमध्ये पाणी शिरलं, आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास लाट मुंबईला पोचली. उंची सुमारे दोन मीटर. दांडा आणि जुहूला होड्या दोर तोडून निघाल्या. मुंबईत पंधरा माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. हवामान खात्यातल्या सी. जी. पेंडसे यांनी १९४६ साली या भूकंपावर टिपण लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला हे तपशील मिळतात. मी दरवर्षी वर्गात हे सांगायची, आणि दरवर्षी पोरं म्हणायची, बाई, हे आमच्या आजोबांनी कधी सांगितलं नाही. ज्या वाड्यांनी पाहिलं त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथल्या लोकांनी १९०७ ची लाट अंगाईगीतांत आणि गोष्टींत जपली. ‘स्मोंग’ हा त्यांचा त्या लाटेसाठीचा शब्द. २००४ ला धरणी हलल्याबरोबर ‘स्मोंग, स्मोंग’ ओरडत सगळे डोंगरावर पळाले. बेटावर सत्तर हजारांहून जास्त वस्ती, आणि दगावली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

मॅडम, मी नववीत आहे. आमच्याकडे कोयनेचे धक्के बसतात. तेव्हा त्सुनामी येईल का? (चिपळूण)

नाही, बाळा. भूकंपातून त्सुनामी यायला समुद्राचा तळच वर-खाली व्हावा लागतो, म्हणजे त्यावरचं सगळं पाणी उचललं जातं. कोयनेचा भूकंप जमिनीवरचा. डिसेंबर १९६७ ला कोयनानगर पडलं तेव्हाही समुद्र आपल्या जागी होता. उलटी गोष्ट मात्र लक्षात ठेव. मकरान इतकं लांब आहे की तिथला भूकंप तुला कदाचित जाणवणारही नाही. जपानी मुलांना शिकवतात, ‘जमीन हलली की पळा’. तुला एवढ्यावर अवलंबून राहता येणार नाही. तुझ्यासाठी खूण म्हणजे सरकारी इशारा, आणि समुद्राचं वेड्यासारखं वागणं: भरतीच्या वेळेला पाणी एकाएकी खूप मागे हटणं, ओहोटीला एकाएकी वर चढणं, खाडीत विचित्र ओढ लागणं. समुद्र आधी मागे जातोच असंही नाही. कधी पहिल्यांदा पाणी नुसतं चढत येतं.

आमची बोट दहा-बारा दिवस समुद्रात असते. आम्हाला काय कळणार? आणि बोट बंदरात असली तर सोडवून बाहेर काढायची का? (मिरकरवाडा, रत्नागिरी. पत्र एका तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या कप्तानाचं)

तांडेलदादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. खोल पाण्यात त्सुनामी ही लाट म्हणून दिसतच नाही. चार हजार मीटर खोलीवर ती ताशी सातशे किलोमीटरने, म्हणजे विमानाच्या वेगाने जाते, पण उंची हात-दोन हात, आणि एका लाटेची लांबी शंभर-दोनशे किलोमीटर. बोट सावकाश वर जाते, सावकाश खाली येते, खलाशी झोपलेले राहतात. पाणी उथळ होत गेलं की तिचा वेग मोडतो. पंचवीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात तो ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास येतो, पाच-सहा वावांत पस्तीस-चाळीसवर. मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि भिंत उभी राहते. कोकणासमोर समुद्र दूरवर उथळ आहे, म्हणून १९४५ ला लाटेला मुंबई गाठायला पावणेपाच तास लागले.

यावरून तुमचं उत्तर निघतं. बाहेर असाल तर बाहेरच राहा, घराच्या ओढीने बंदराकडे तोंड करू नका. लाटेच्या दिवशी सगळ्यांत वाईट जागा म्हणजे खाडीचं तोंड. तिथे पाणी तासन्‌तास आत-बाहेर ओढत राहतं, इंजिनाला ऐकत नाही. बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसवर १६ नंबरचं चॅनेल चालू ठेवा. बोट बंदरात असेल तर तिच्यासाठी खाली उतरू नका. बोटीवर कर्ज किती असतं, एका मोसमावर घर कसं चालतं, हे मी या किनाऱ्यावर राहून पाहिलंय, त्यामुळे हे लिहिताना माझा हात जड होतो. तरीही सांगते, उतरू नका. बंदर खात्याने स्वतः वेळ मोजून बोटी बाहेर काढायला सांगितलं तरच ती गोष्ट वेगळी.

ग्रामपंचायतीने स्थलांतराचा आराखडा करायचा ठरवलंय. सुरुवात कुठून करायची? (गुहागर तालुका)

दोन नकाशे लागतात. पहिला शास्त्रज्ञांचा. हैदराबादला इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था आहे. २००७ पासून आपलं त्सुनामी इशारा केंद्र तिथेच आहे. भूकंप कुठे, किती मोठा होईल असं धरून संगणकावर लाट सोडतात आणि कुठल्या गावात पाणी कुठवर चढेल ते काढतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे पत्र देऊन आपल्या गावासाठी जे असेल ते मागा. मागताना एक विचारा: हे गणित कुठली भरती धरून केलंय? आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती येते हे तुम्ही बातम्यांत ऐकता. दोन मीटरची लाट सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला आली तर पुळणीवरच, किनाऱ्याच्या वाळूतच विरेल. तीच उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आली तर वाडीत शिरेल. म्हणून नियोजन नेहमी वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीवर लाट ठेवून करायचं.

दुसरा नकाशा तुमचा, पायांनी काढलेला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चुन्याची पिशवी घेऊन पाणी जिथवर येतं तिथे रेघ मारा. ‘निसर्ग’च्या वेळी पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारून तिथेही खूण करा. खाडीच्या बाजूने वेगळी रेघ मारा, कारण पाणी समोरून येतं त्यापेक्षा गावाच्या पाठीमागून, खाडीतून जास्त फसवतं. मग या सगळ्यापासून वर चढायची वाट शोधा. कोकणावर निसर्गाची मेहेरबानी अशी की बहुतेक गावांच्या मागे जांभ्याचा सडा, म्हणजे उंच खडकाळ पठार आहे. नागपट्टिनमला मैलोन्‌मैल सपाटी. तिथे माणसं पळाली तरी चढणार कशावर? त्या एका जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. तुमच्याकडे हातात नकाशा नसेल तर तीस मीटर, म्हणजे शंभर फूट उंची हा ढोबळ आकडा धरा. बहुतेक सडे त्याहून उंच आहेत.

आता माझी चूक सांगते, तुमची होऊ नये म्हणून. २००६ साली एका खाडीकाठच्या वाडीसाठी मी पहिला नकाशा केला. सगळ्यांत जवळचं उंच ठिकाण खाडीपलीकडचं हायस्कूलचं पटांगण. मी खाडीवरच्या साकवावरून, म्हणजे अरुंद पायपुलावरून, बाण काढला आणि खूश झाले. देवळात नकाशा दाखवला तेव्हा मासळी विकणारी एक मावशी उठून जवळ आली, साकवावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाई, उधाणाला ह्यावर आमचाच पाय घसरता. तुमची दोनशे माणसां कशी जायची?” मी घरी येऊन नकाशा फाडला. लाटेपासून पळताना खाडी कधीच ओलांडायची नसते, हे मला त्या मावशीने शिकवलं.

दुसरी वाट निघाली देवळामागच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने. कागदावर सहाशे चाळीस मीटर. आम्ही चाललो. बारावीच्या पोरांना सात मिनिटं. कडेवर मूल घेतलेल्या बाईला बारा. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना एकोणीस. रात्री टॉर्चच्या उजेडात त्यांनाच सव्वीस. आणि पाखाडीच्या वरच्या टोकाला हापूसची बाग, तिला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. चावी नेपाळी राखणदाराकडे, आणि तो मोसमात रात्री बागेच्या दुसऱ्या टोकाला झोपतो. फक्त दिवसा चाललो असतो तर हे कुलूप दिसलंच नसतं, कारण दिवसा फाटक उघडं असतं. बागवाला चांगला माणूस निघाला. एक चावी पाखाडीच्या शेवटच्या घरात ठेवली आणि राखणदाराचं नाव आराखड्यात गेलं. म्हणून वाट एकदा तरी रात्री चाला.

ओडिशातली दोन गावं, गंजाम जिल्ह्यातलं वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूरमधलं नोलियासाही, यांना युनेस्कोच्या महासागर आयोगाने २०२० साली ‘त्सुनामी रेडी’ ठरवलं. भारतातली ही पहिली. २०२४ मध्ये ओडिशातल्याच चोवीस गावांना ही मान्यता मिळाली. कसोट्या बारा आहेत आणि त्यांत ग्रामपंचायतीला न झेपणारं काही नाही: कुठवर पाणी येईल याचा नकाशा, किती माणसं त्या पट्ट्यात राहतात याची मोजणी, चौकाचौकांत बाणांच्या पाट्या, सराव, आणि इशारा मिळायचे व पोचवायचे एकाहून जास्त मार्ग. या शेवटच्यावर जोर द्या. ‘निसर्ग’नंतर किती दिवस मोबाइलला रेंज नव्हती ते आठवा. देवळाची घंटा, मशिदीचा भोंगा, मच्छीमार सोसायटीचा लाउडस्पीकर, पोलीस पाटलांची मोटरसायकल, सगळं कागदावर असू दे. कोण कुठल्या आळीत जाणार ते नावानिशी.

वेळेचं गणित एवढंच. मोठा भूकंप झाला की दहा-पंधरा मिनिटांत इन्कॉइसचा पहिला संदेश निघतो. मकरानची लाट असेल तर आपल्या हातात काही तास असतात. पण त्यातला किती वेळ जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून तुमच्या वाडीत पोचायला जाईल, आणि तेव्हा रात्रीचे तीन वाजले असतील का, हे कोणी सांगू शकत नाही. आराखडा असा करा की वाडीला फक्त एक तास मिळाला तरी शेवटचा माणूस वर असेल.

वादळात आम्हाला मराठी शाळेत हलवलं होतं. शाळा पक्की आहे, स्लॅबची आहे. त्सुनामीलाही तीच चालेल ना? (श्रीवर्धन तालुका, शिक्षक)

गुरुजी, शाळा पुळणीपासून दीडशे मीटरवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग नाही चालणार. वादळात भिंत आणि छप्पर बघायचं, त्सुनामीत उंची. ३ जून २०२० ला ज्या इमारतींनी माणसं वाचवली त्यांतल्या काही त्सुनामीच्या दिवशी सापळा ठरतील.

जपानमधल्या इशिनोमाकी शहरात ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती. समुद्रापासून जवळपास चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी. धोक्याच्या नकाशात ती पुराच्या रेघेच्या बाहेर होती, उलट आसऱ्याची जागा म्हणून नेमलेली. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर मुलं पटांगणात ओळीने उभी राहिली. शाळेच्या मागे टेकडी होती. कुठे जायचं यावर मोठी माणसं बोलत राहिली, जवळपास पन्नास मिनिटं. शेवटी नदीच्या पुलाकडच्या जरा उंच जागेकडे निघाले, आणि नदीतून चढत आलेलं पाणी समोरून आलं. ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. मी शिक्षक आहे, आणि ते पटांगण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते शिक्षक बेफिकीर नव्हते. त्यांच्याकडे आधी ठरवलेली, मुलांबरोबर चाललेली वाट नव्हती. त्याच दिवशी कामाइशी शहरातली मुलं, जी वर्षानुवर्षं सराव करत होती, ठरलेल्या जागीही थांबली नाहीत. ती जागा कमी उंच वाटली म्हणून आणखी वर पळाली, लहानांचे हात धरून.

तुमच्या शाळेसाठी: वर्ग सुटल्याची घंटा वेगळी, ही घंटा वेगळी. हजेरी वर गेल्यावर घ्यायची, पटांगणात नाही. आणि पालकसभेत स्पष्ट सांगा, मुलाला न्यायला शाळेत येऊ नका, सरळ सड्यावर या, मूल तिथे भेटेल. हे आयांना पटवायला तुम्हाला दोन-तीन सभा लागतील. घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या दुपारी तीनला त्सुनामी’ असा मेसेज आला होता. खरं काय ते कसं ओळखायचं? (मालवण)

‘उद्या’ हा शब्द दिसला की तो मेसेज खोटा. भूकंप कधी होणार हे जगात कोणी आधी सांगू शकत नाही, आणि भूकंपाआधी त्सुनामीचा इशारा नसतो. खात्री करायला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावा, मोबाइलमध्ये सरकारचं ‘सचेत’ अ‍ॅप ठेवा. इशाऱ्यात तीन पायऱ्या असतात. ‘वॉच’ म्हणजे लक्ष ठेवा, ‘अलर्ट’ म्हणजे पुळण आणि सखल काठ रिकामा करा, ‘वॉर्निंग’ म्हणजे गाव वर न्या.

किनाऱ्यावर सुरूचं बन लावलं तर लाट अडेल का? (दिवेआगर)

छोट्या लाटेचा जोर थोडा मोडेल. मोठ्या लाटेत उन्मळलेले बुंधेच माणसांवर येतात. बन लावा, कांदळवन तोडू देऊ नका, आणि वाळूच्या टेकड्यांना तर हातच लावू देऊ नका, पण आराखड्यात त्यांना शून्य मार्क द्या.

लाट येऊन गेल्यावर किती वेळाने खाली यायचं? (देवगड)

‘धोका टळला’ असं प्रशासनाने सांगेपर्यंत नाही. त्सुनामी म्हणजे लाटांची माळ. दोन लाटांत दहा मिनिटंही असतात आणि तासभरही. पहिलीच सर्वांत मोठी असते असं नाही. १९४५ ला कराचीत पहिल्या लाटेनंतर दोन तासांहून जास्त वेळाने आलेली लाट मोठी होती.

नागपट्टिनमला अक्कराईपेट्टईच्या तंबूत एक बाई रोज माझ्या रांगेत यायची, तांदूळ घ्यायला. दुभाष्या मुलीकडून तिची हकिकत कळली. पहिल्या पाण्यात सगळं घर बाहेर पडलं, वाचलं. पाणी ओसरलं तसा नवरा रेशनकार्ड आणायला परत गेला. त्याला वाटलं, झालं ते झालं. ती सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, गुंडाळायची आणि सोडायची. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते माझ्या घरातले कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला टांगले. पिशवी आजही तिथेच आहे. तुम्हीही रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, बोटीचे कागद, रोजच्या गोळ्या घालून आज संध्याकाळी एक टांगा, म्हणजे कोणाला परत जायचं कारण उरणार नाही.

माझं वय एक्क्याऐंशी. गुडघे गेलेत. मी घरात सांगून ठेवलंय, तशी वेळ आली तर मला इथेच सोडा आणि तुम्ही पळा. बरोबर ना? (वेंगुर्ला तालुका. पत्र नातवाच्या अक्षरात)

नाही आजी, बरोबर नाही. तुमचा मोठेपणा मला कळतो. पण तुम्हाला घरात ठेवून तुमचा मुलगा सड्यावर उभा राहू शकेल का? तो अर्ध्या वाटेतून परत फिरेल, त्याच्या मागे सून फिरेल. तुम्ही वर गेलात तरच ते वर राहतील.

आपल्याकडे डोंगरातल्या वाड्यांतून आजारी माणसाला डोलीतून खाली आणतात, ते तुम्ही जन्मभर पाहिलंय. इथे फक्त वर न्यायचंय. नातवाला सांगा, हात असलेली लाकडी खुर्ची घे, दोन्ही बाजूंना बांबू सुंभाने घट्ट बांध, पोटाशी जुनी साडी आवळायला ठेव. चार माणसं लागतात, दोन उचलायला आणि दोन बदलीला. घरचे दोनच असतील तर शेजारच्या दोघांची नावं आत्ताच ठरवा. त्यांना ‘वेळ आली तर बघू’ म्हणू देऊ नका, हो म्हणवून घ्या. ग्रामपंचायतीत अशा माणसांची यादी करायला सांगा, तुमचं नाव पहिलं घाला. इशारा आला की डोली सगळ्यांत आधी निघते, गर्दी व्हायच्या आत.

आणि एखाद्या रविवारी, उन्हं उतरल्यावर, पोरांना म्हणा मला एकदा वर नेऊन आणा. खुर्ची कुठे अडते, पाखाडीच्या कुठल्या वळणावर बांबू आपटतो, ते तेव्हाच कळेल. निघताना आणि पोचल्यावर घड्याळ बघा. किती मिनिटं लागली ते नातवाकडून मला पुढच्या पत्रात कळवा.